रिकामं चाक

सरकारनं आरळगावच्या अंगणवाडीत जे यंत्र आणून बसवलं, त्याच्या खोक्यावर 'बालदृष्टी निरीक्षक' असं भारदस्त नाव छापलेलं होतं. कुंभारआळीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नव्यानं बारसं केलं आणि नाव ठेवलं 'बघ्या'. कारण ते दुसरं काही करतच नव्हतं. आईनं पोराला मांडीवर घेऊन बसायचं, समोर पाटीएवढा पडदा, पडद्याच्या वरच्या कडेला दोन बारीक कॅमेरे. पोर पडद्याकडे बघतं आणि बघ्या पोराकडे बघतो. पाच मिनिटांत काम खलास. ना सुई, ना औषध. लसीच्या दिवशी अंगणवाडीचं दार दिसलं तरी गळा काढणारी पोरंसुद्धा बघ्यापुढं शहाण्यासारखी बसायची.

तरी या मुक्या बघ्यानं कुंभारआळीत जी रडारड घडवली, ती आजवर कुठल्या सुईनं घडवली नव्हती. आळीतली दीड-दोन वर्षांची आठ पोरं तपासली, त्यातल्या सहाजणांना पिवळा निकाल आला. उरलेल्या सगळ्या गावात मिळून पिवळे दोन! आता आळीलाच काय धाड भरली होती, म्हणून बायका अंगणवाडीवर चालून गेल्या. अंगणवाडीच्या बाईंनी आपला जीव वाचवायला तालुक्याहून तरन्नुम मुल्लाला बोलावून घेतलं.

तरन्नुम होती पंचविशीतली, पण चार सासवांना पुरून उरेल अशी. पिवळा निकाल आलेल्या घरी जायचं आणि आईबापांना मुलाशी खेळायला शिकवायचं, हे तिचं काम. तिनं नाना कुंभारांच्या अंगणात सगळ्यांना बसवलं आणि सरळ भाषेत सांगितलं.

"पडद्याच्या एका बाजूला माणसं असतात. हसतात, टाळ्या वाजवतात, एकमेकांना चेंडू देतात. दुसऱ्या बाजूला नुसत्या आकृत्या, गोल गोल फिरणाऱ्या. बहुतेक पोरं माणसांकडे जास्त बघतात. काही पोरं मात्र आकृत्यांवरून नजर काढत नाहीत. त्यांच्या मेंदूची घडणच निराळी असते. माणसाचा चेहरा सारखा बदलतो, त्याचा अंदाज बांधणं त्यांना जड जातं. फिरणारी वस्तू कशी, दर वेळी तश्शीच फिरते. ती बघितली की त्यांना बरं वाटतं. यालाच स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम. हा रोग नाही, कुणाचं पाप नाही, कुणाची करणी नाही. आणि बघ्या काही तुमच्या पोराला ऑटिझम आहे असं म्हणत नाही. तो म्हणतो, डॉक्टरांनी एकदा नीट बघा."

"आणि न्हाई बघितलं तर?" एकीनं विचारलं.

"तर आजवर जे होत आलं, तेच होईल. हे ओळखणारे डॉक्टर शहरात मूठभर. खेड्यातलं पोर शाळेनं परत पाठवलं की मग लोक जागे होतात, तोवर ते सहा वर्षांचं झालेलं असतं. आधीची सगळी वर्षं अंगारे-धुपाऱ्यात जातात. बोलायला, मागायला, खेळायला शिकायचं वय तेच. माती ओली असते तेव्हाच—"

"ओल्या मातीचं आमाला नगा सांगू," नाना मिशीतल्या मिशीत हसले. साठीपुढचे नाना म्हणजे आळीचा शेवटचा शब्द. त्यांचं मडकं टिचकी मारली की घंटेसारखं वाजायचं, आणि तेही तसेच वाजायचे. "ओल्या मातीला घाई केली की भांडं बसतंय, बाई. आता मला येक सांगा. तुमच्या बघ्यानं हिकडं दावली बाई आणि तिकडं दावलं चाक. कुंभाराच्या पोरानं चाक बघितलं. मग त्याचं चुकलं कुठं?"

अंगणात हशा पिकला. तरन्नुमसुद्धा हसली, पण तिनं मुद्दा लक्षात ठेवला. आठांपैकी सहा हा आकडा तिलाही खटकत होता.

हसली नाही ती एकच बाई, नानांची सून तेजल. तिच्या मांडीवर तिची आरू होती आणि आरूचे डोळे, एवढी माणसं सोडून, कोपऱ्यातल्या चाकावर होते.

आरू वीस महिन्यांची. गोरी, गुबगुबीत, गालावर आजीनं लावलेली तीट. दृष्ट लागावी अशीच पोर. पण हाक मारली तर वळून बघायची नाही. पाणी हवं असलं तर मागायची नाही, माठाकडे बोटही करायची नाही. तेजलचं मनगट धरून ओढत न्यायची आणि तो हात माठावर नेऊन ठेवायची, जसं आपण ओगराळं उचलतो आणि कामाला लावतो. ज्या बाईचा तो हात, तिच्या तोंडाकडे एकदा वर बघावं, हे तिच्या गावीही नसायचं. तेजलला वाटायचं, मी मेले आणि नुसता हात शिल्लक राहिला, तरी हिला चालेल. असा विचार मनात आला की तिची तिलाच लाज वाटायची, आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारावं लागायचं.

घरात कुणाला हे दिसत नव्हतं, कारण सगळ्यांना दुसरंच दिसत होतं. मागच्या खोलीत चाकाची घरघर ऐकू आली की आरू लटपटत धावत यायची आणि नानांच्या शेजारी बसायची. तास न् तास. नाना कृतार्थ व्हायचे. मोटारीचं चाक शेडमध्ये होतं, त्यावर चहाच्या कुल्हडांच्या ऑर्डरी निघायच्या. पण मोठी मडकी नाना अजून अंगणातल्या जुन्या, दांडक्यानं फिरवायच्या चाकावरच काढत. त्यांचा मुलगा संकेत मातीला कंटाळून टेंपो चालवायला गेला होता. चाक आपल्याबरोबरच थांबणार, हे नानांनी मनाशी धरलं होतं. आणि आता ही नात!

"पोरीच्या डोळ्यात चाक हाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "ह्या वयात मीबी असा बसत न्हवतो."

खरं तर कुंभाराच्या बाईनं चाकाला हात लावायचा नाही, ही आळीची रीत. माती तुडवावी, मडकं थापावं, रंगवावं, बाजारात नेऊन विकावं. चाक मात्र बाप्याचं. आजी, म्हणजे अक्का, हे नियम डोळ्यांत तेल घालून पाळून घेत. रिकामा पाळणा हलवू नये, तसं रिकामं चाक फिरवू नये, घर रिकामं होतं, हा त्यांचा आणखी एक नियम. मातीचा गोळा बसवल्याशिवाय चाकाला गती द्यायचीच नाही. पण नातीसाठी नाना पहिली रीत मोडायला तयार झाले होते. ही चाकावर बसेल म्हणाले. मग पिवळा निकाल त्यांना कसा पटावा? त्यांच्या म्हातारपणच्या आशेला कुणी दुखणं म्हणत होतं.

तेजलला मात्र तो पिवळा रंग बघून आधी रडू आलं आणि मागोमाग हायसं वाटलं. जे आपल्याला दिसतंय, ते आणखी कुणाला तरी दिसलं. मग ते यंत्र का असेना.

डॉक्टरांची पाहणी जिल्ह्याला, आणि तिथला नंबर पाच महिन्यांनी. तोवर तरन्नुम पंधरवड्याला यायची, आणि मधल्या दिवसांसाठी तिनं तेजलच्या कानात वाटाण्याएवढं एक यंत्र बसवून दिलं. ते आई आणि मूल खेळत असताना ऐकायचं, सोबत दिलेल्या गळ्यातल्या बिल्ल्यातून बघायचं आणि हळू आवाजात सुचवायचं. बोली अगदी आरळगावची. तेजल त्या आवाजाला 'कानवाली' म्हणायची.

कानवाली फार काही सांगायची नाही. सगळ्यांत जास्त वेळा म्हणायची, "थांबा."

"आरू, बघ! आरू, इकडं बघ की गं!" तेजल हनुवटी धरून पोरीचं तोंड वळवायची. कानात आवाज यायचा, "तोंड वळवू नका. तिला जे आवडतं त्यात तुम्ही शिरा. मग थांबा."

आरूला जे आवडतं ते एकच. आणि त्याला हात लावायची बंदी.

पंधरा दिवस तेजलनं भांड्यांची झाकणं फिरवून बघितली, पाटावर वाटी फिरवून बघितली. आरू क्षणभर यायची आणि निघून जायची. मग एका बाजारच्या दिवशी नाना-अक्का मडकी घेऊन गेल्यावर तिनं अंगणाचं दार लावलं, चाकापाशी बसली आणि देवाचं नाव घेऊन त्याला हातानं गती दिली. रिकाम्या चाकाला. म्हणजे एका दमात दोन रीती मोडल्या.

आरू धावत आली. चाक फिरून फिरून मंदावलं, थांबलं. तेजलचा हात शिवशिवला.

"थांबा," कानवाली म्हणाली.

आरूनं आईचं मनगट धरलं आणि चाकावर ठेवलं. तेजलनं फिरवलं. परत थांबलं, परत मनगट. असे किती बाजार गेले. तेजल घरी राहायला दर वेळी नवं निमित्त शोधायची, आणि अक्का म्हणायच्या, "सूनबाईचं डोकं बाजाराच्याच दिशी बरं दुखतंय!" दिवाळीच्या आधीचा एक दिवस. चाक थांबलं. आरूनं मनगट धरलं, चाकावर ठेवलं. तेजल थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. आरूनं मनगट हलवलं. हात हलेना. तेव्हा त्या पोरीची नजर हातावरून निघाली, कोपरावर आली, खांद्यावर आली, आणि तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं. हात का थांबला, हे त्या हाताच्या मालकिणीला विचारावं, तसं बघितलं.

तेजलनं चाक फिरवलं आणि फिरवता फिरवता ती हमसाहमशी रडली.

त्यानंतर महिन्याभरानं बघ्या सुधारला.

झालं असं, की जिल्ह्याच्या ठिकाणी सगळ्या गावांचे निकाल एकत्र ताडून बघणारी व्यवस्था होती. तिला आपण होऊन कळलं, की कुंभारांच्या वस्त्यांत पिवळे निकाल वाजवीपेक्षा फार येतात. तरन्नुमनंही तसं कळवलं होतंच. बघ्याला घडवताना जी हजारो पोरं दाखवली, त्यांत चाकाशेजारी वाढलेली पोरं नव्हती. त्यांना गोल फिरणारी वस्तू म्हणजे घरातलंच माणूस, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आता या वस्त्यांसाठी फिरत्या आकृत्या काढून झुलणाऱ्या रेघा घातल्या. सहाही पोरांची पुन्हा तपासणी झाली. पाच हिरवी निघाली.

सहावी आरू. तीही हिरवी.

तेजल तिला मांडीवर घेऊन बसलेली होती आणि पडद्यावर काय चाललंय ते तिनं डोळ्यांनी बघितलं. एकीकडे रेघा झुलत होत्या. दुसरीकडे एक बाई बाळाला चेंडू द्यायची, मध्येच हात रोखायची, थांबायची, मग द्यायची. थांबण्याचा तो खेळ आरूच्या ओळखीचा झाला होता. ती त्या बाईकडे टक लावून बघत राहिली. चार महिने तेजलनं जे पेरलं होतं, ते बघ्यानं पाच मिनिटांत बघितलं आणि पोर ठणठणीत आहे असं ठरवून टाकलं. बघ्याला डोळे होते, मागचं काही ठाऊक नव्हतं.

जिल्ह्याचा नंबर आपोआप रद्द झाला. त्या संध्याकाळी कानवाली म्हणाली, "आरूच्या नव्या निकालानुसार आपली सोबत इथं संपते. अभिनंदन." आणि गप्प झाली.

घरात दिवाळी परत आली. अक्कांनी पेढे वाटले. नाना पारावर बसून सांगू लागले, "मी बोललो न्हवतो? चाक बघितलं म्हून पोरगं येडं हुतंय व्हय?" संकेतचा टेंपोवरून फोन आला, "सुटलो बाबा एकदाचे. आता तो विषय नको काढूस, तेजू." नको काढू! त्याच दिवशी दुपारी आरू तासभर रडली होती. काय हवंय ते सांगता येईना म्हणून जमिनीवर डोकं आपटत होती. शेवटी कळलं, पायात काचेची कच गेली होती.

तेजलनं तरन्नुमला गाठलं.

"ताई, ती मला आता बघते. पण अजून हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही, दुखलं तर सांगत नाही. सोबत काढून घेतली तर मी एकटी काय करू?"

तरन्नुमनं खाली मान घातली. "चूक सुधारली, पण सुधारताना तुझी पोर गाळली आमच्या चाळणीनं. पाच घरं खरंच सुटली, म्हणून सहावं कुणी तपासून बघत नाही. डॉक्टरांची पाहणी मागून घेता येते गं. नियमाला तुझी एकटीची सही पुरते. घराला पुरेल का, ते तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना अंगणात मडकी काढत होते. आळीतली पोरं नेहमीसारखी भोवती जमली होती, त्यात पलीकडच्या घरचा वेदू, हिरव्या झालेल्या पाचांतला एक. आणि आपल्या जागेवर आरू. तेजल पदराला हात पुसत पुढं आली.

"नाना, एक मागणं आहे. चाक रिकामं फिरवा."

नानांचा हात थांबला. ओसरीवरून अक्का कडाडल्या, "आगं, तोंड हाय का काय? रिकामं चाक फिरवून घराचं वाटोळं करायचंय तुला?"

"मी फिरवलंय, अक्का. बाजाराच्या दिवशी. खूप वेळा." तेजल चाकाच्या आणखी जवळ आली. "घराचं काय व्हायचं ते झालं असतं एव्हाना. नाना, तुमच्या घरात रिकामं चाक कुणी फिरवतच नाही. म्हणून तुम्हाला दिसलं नाही. एकदा फिरवा आणि पोरांकडे बघा. मग तुम्ही म्हणाल तसं. परत विषय काढणार नाही."

अक्कांनी कपाळाला हात लावला. नानांनी एकदा सुनेकडे बघितलं. मग अर्धवट झालेलं मडकं दोऱ्यानं कापून बाजूला ठेवलं, चाक पुसलं, दांडकं खोबणीत घातलं आणि फिरवलं.

रिकामं चाक घरघरू लागलं.

वेदूनं थोडा वेळ वाट बघितली. मग तो नानांच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "म'कं?" नाना बोलले नाहीत, तसा त्यानं त्यांचा सदरा ओढला, मातीच्या ढिगाकडे बोट केलं, परत तोंडाकडे बघितलं. बाकीची पोरं कंटाळली, कुत्र्याच्या पिल्लामागं पळाली. आरू हलली नाही. चाकाच्या कडेचा एक टवका निघाला होता. तो समोरून गेला की तिची पापणी किंचित मिटायची. परत गेला, परत मिटायची.

"आरू," नानांनी हाक मारली. "आरे, आरूबाय!"

काही नाही.

नानांनी गोळा बसवला. चाकावर मडकं उठू लागलं तशी पोरं धावत परतली, वेदू टाळ्या पिटू लागला. मडकं ऐन भरात आलं आणि नानांनी मुद्दाम अंगठा आत दाबला. मडकं फसकन बसलं. पोरं खिदळली, सगळ्यांनी नानांच्या तोंडाकडे बघितलं, आजोबा चिडले का हसले ते बघायला. आरूच्या डोळ्यांपुढं एवढं मडकं कोसळलं, पण तिच्या लेखी ते मडकं कधी नव्हतंच. ती टवका बघत होती. डोळ्यांत सुख होतं.

चाक आपोआप थांबलं. नाना मातीचे हात तसेच मांडीवर टाकून बसले.

"मला वाटायचं, ती माजं काम बघती," ते म्हणाले. "ती माजं काम बघतच न्हवती, पोरी."

तेजल त्यांच्याजवळ खाली बसली. "ती चाक बघते, नाना. ते खोटं नाही. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त नीट बघते. उद्या कुंभारीण होईलही, कुणी सांगावं? पण पायात काच गेली तर सांगता यायला नको का तिला? तहान लागली तर मागता यायला नको? डॉक्टरांनी बघावं, एवढंच म्हणते मी."

नानांनी खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले, तर मातीच तोंडाला लागली. "सोमवारी जाऊ जिल्ह्याला, नंबर परत मागू," ते म्हणाले. "मी येतो संगं. बघ्याला म्हणावं, कुंभाराची पोरं तू चुकलास, आणि कुंभाराची पोर मी चुकलो. फिट्टंफाट." मग त्यांनी विचारलं, "बाजाराच्या दिशी तू काय करत हुतीस, ते दाव बगू."

तेजलनं एकदा अक्कांकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली, पण नाही म्हणाल्या नाहीत. मग तिनं सगळ्या आळीदेखत चाकाला हात लावला, पुसून साफ केलं, फिरवलं, थांबू दिलं. आणि हात मागं घेऊन बसली.

आरूनं हात शोधला. या वेळी तिला जवळ सापडला तो नानांचा, चिखलानं भरलेला. तिनं ते जाड मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि चाकावर ठेवलं. नाना लगेच फिरवायला निघाले.

"थांबा, नाना."

नाना थांबले. आरूनं मनगट हलवलं. हलेना. तिची नजर त्या हातावरून निघाली, सदऱ्यावर चढली, गुंडीवर रेंगाळली, पांढऱ्या मिशीपर्यंत आली आणि तिथंच अडकली. नानांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता.

"फिरवू का?" त्यांनी ओठ न हलवता सुनेला विचारलं.

"मला नका विचारू," तेजल म्हणाली. "तिला विचारा."

नानांनी मान खाली आणली, पार नातीच्या नजरेच्या पातळीला, आणि तिला विचारलं. मग ते वाट बघत बसले.